डोलणाऱ्या मानेपेक्षा थांबलेली पेन्सिल पाहा

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते, नोकरीचे हे दुसरेच वर्ष आहे. अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना "समजलं का?" असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, माना डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या की निम्म्याहून अधिक मुलांची उदाहरणे चुकलेली असतात. मुलांना खरोखर समजले की नाही, हे शिकवता शिकवताच त्यांच्या चेहऱ्यावरून आणि हालचालींवरून कसे ओळखावे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : "समजलं का?" या प्रश्नाला मिळणारा होकार हा बहुतेक वेळा बाईंना दिलेला मान असतो, समजल्याची पावती नव्हे. म्हणून आधी मुलांच्या हाताकडे पाहा. फळ्यावरचे उतरवून घेताना सगळ्यांचीच पेन्सिल सलग चालते. पण 'पाऊण भागिले अर्धा' असे नवे उदाहरण घातले की ज्याला कळलेले नाही त्याची पेन्सिल अडते, तो खोडरबर उचलून कोरी जागाच खोडत बसतो आणि मग हळूच शेजारच्या वहीत डोकावतो. पेन्सिल कुठे अडली हे नेमके टिपा. ती गुणाकार व्यस्त घेण्याच्या पायरीवर अडली असेल तर मूल रीत विसरले आहे. पहिल्याच ओळीवर अडली असेल तर भागाकाराचा अर्थच पोचलेला नाही, आणि मग पाऊण भाकरीत अर्धी भाकरी किती वेळा बसेल, इथून पुन्हा सुरुवात करावी लागते. सगळा वर्ग एकदम न्याहाळता येत नाही. रोज वेगवेगळ्या बाकांवरची चार-पाच मुले मनाशी ठरवून घ्यावीत.

नजर दुसरीकडे वळवणाऱ्या मुलाबद्दल मात्र घाईने मत बनवू नका. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत असे आढळले की प्रश्न कठीण झाला की मुले समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून नजर अधिक काढून घेतात, आणि विचार करताना दुसरीकडे पाहण्याची सवय लावलेल्या पाच वर्षांच्या मुलांची उत्तरे सुधारली. हे वाचले तेव्हा मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली. छताकडे पाहत बसली म्हणून मी तिला उभे केले आणि सगळ्यांसमोर रागावलो, रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "सर, दीड येतं ना?" उत्तर अगदी बरोबर होते. त्यानंतर कित्येक दिवस तिने हात वर केला नाही, याची टोचणी मला आजही आहे. शिवाय, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये असे आपल्याकडे अनेक घरांत शिकवतात, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबा. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरे अधिक सविस्तर येतात, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. चेहरे वाचण्यासाठी यापेक्षा चांगली वेळ तुम्हाला तासभरात मिळणार नाही.

आणखी एक. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून पाहत असेल, तर तो कंटाळला आहे असे समजण्याआधी आठवडाभर त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहा. तिथे त्याच्या चुका कमी झाल्या, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगा.