बंदरावर उतरणाऱ्या मुशी आणि पाकटांची नोंद अभ्यासासाठी कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मालवण बंदरावर काही महिने शार्क आणि पाकटांची नोंद करायची आहे, तर लिलावाच्या वेळी किलो लिहून घेतले तर चालेल का?

नाही चालणार. मुशी किंवा तुमच्याकडची मोरी ही बाजारातली नावं आहेत, प्रजातींची नव्हेत. एकाच क्रेटमध्ये 45 सेंमीचे दोन मासे शेजारी पडलेले असतात. चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची मुशी (स्कोलिओडॉन) साधारण 35 सेंमीलाच वयात येते, त्यामुळे त्यातली एक पोटात पिल्लं असलेली आईही असू शकते. दुसरी कानमुशी (हॅमरहेड शार्क), तिची पिल्लं जन्मतानाच जवळपास एवढी असतात. वजनाच्या रकान्यात दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून एका माशाला एक ओळ: प्रजाती, लिंग, लांबी, प्रौढ की अप्रौढ, कोणत्या होडीतून आणि कोणत्या जाळ्यातून आला.

लांबी मोजताना सगळ्यात जास्त चुका होतात. टेप माशाच्या अंगावरून वळवून धरली की पोटाच्या गोलाईमुळे आकडा फुगतो. टेप जमिनीवर सरळ पसरा आणि मासा तिच्या बाजूला ठेवा. शेपटीचा वरचा भाग ताणून मोजायचा की नैसर्गिक स्थितीत, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अर्धे मासे एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने मोजलेले असतील, तर तो तक्ता नंतर दुरुस्त होत नाही. पाकटाची एकूण लांबी घेऊ नका, कारण शेपटी बहुधा तुटलेली किंवा खलाशांनी कापलेली असते. त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी घ्या. गिटारफिशची, म्हणजे मुशीसारखी जाड शेपटी असलेल्या लांबट पाकटाची, मात्र एकूण लांबीच घ्यायची.

नर ओळखणं सोपं आहे. पोटाच्या परांच्या आतल्या बाजूला दोन नळ्या असतात, त्या म्हणजे क्लास्पर. आखूड आणि मऊ असतील तर नर अप्रौढ. लांब पण अजून लवचीक असतील तर वाढता. कडक झालेले, मुळाशी पुढे वळणारे आणि टोकाशी उघडणारे असतील तर प्रौढ. मादीचं खरं उत्तर पोट उघडल्यावरच मिळतं, त्यामुळे मासे साफ करणाऱ्या बायकांशी आधी बोलून ठेवा. पोटात पिल्लं निघाली तर त्यांची संख्या, लांबी आणि लिंग लिहा. छातीच्या दोन परांच्या मध्ये, खालच्या बाजूला नाळेची खूण पाहायला विसरू नका. ती उघडी किंवा अर्धवट भरलेली असेल तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं आहे. अशी पिल्लं एकाच हंगामात, एकाच पट्ट्यातून वारंवार येत असतील तर तिथे जन्मस्थळ असण्याची शक्यता मोठी. मला विचाराल तर सगळ्या वहीत हा रकाना सर्वांत मोलाचा.

ओळखीत स्कोलिओडॉन आणि मिल्क शार्क यांचा घोळ होतो. मिल्क शार्कच्या तोंडाच्या कोपऱ्यांशी ओठाची लांब खाच असते, स्कोलिओडॉनची नावापुरतीच. स्कोलिओडॉनच्या पाठीवरच्या पहिल्या पराचं मागचं टोक पोटाच्या परांवर येतं, मिल्क शार्कचं त्यांच्या अलीकडेच संपतं. प्रत्येक प्रजातीचे तीन फोटो घ्या: बाजूने, डोक्याची खालची बाजू आणि अंगावरचे पर. सोबत पट्टी आणि नोंद क्रमांकाची चिठ्ठी हवीच. चिठ्ठी नसलेला फोटो महिन्याभराने कुणाचा ते सांगता येत नाही.

आता हिशेब. समजा त्या दिवशी 30 ट्रॉलर आले, तुम्ही 12 पाहिले, त्यांतल्या 7 मध्ये एकही मुशी नव्हती आणि उरलेल्या 5 मध्ये मिळून 84 होत्या. अंदाज 84 × 30 ÷ 12, म्हणजे 210. रिकाम्या होड्या वगळल्या तर तोच आकडा 504 होतो. म्हणून शून्यही लिहायचं, आणि होड्या तुम्ही निवडायच्या, ज्यांत मुशी दिसते त्या नव्हेत. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, किती दिवसांची फेरी, किती वेळा जाळं ओढलं, किती खोलीवर, हे विचारा. एका दिवसाच्या आणि पाच दिवसांच्या फेरीची तुलना त्याशिवाय होत नाही. मोठे मासे व्यापारी लिलावाआधीच उचलतात, त्यामुळे उशिरा पोहोचलात तर तक्त्यात समुद्रात छोटीच मुशी उरल्यासारखं दिसेल. यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्या काळातले रिकामे रकाने म्हणजे 'मासा नाही' असा अर्थ काढू नका.

व्हेल शार्क आणि करवत मासा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण 2001 पासून आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर यादी वाढली आहे. डीएनएसाठी पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात, फॉर्मलीनमध्ये नाही, कारण त्यात डीएनए खराब होतो. पण यादीतल्या प्रजातीचा एवढासा तुकडाही परवान्याशिवाय घेऊ नका. असा मासा दिसला तर फोटो काढा, लांबी घ्या, आणि तांडेलाचं नाव वहीत लिहू नका. नाव लिहिलंत की दुसऱ्या दिवसापासून तो मासा तुमच्यासमोर उतरणारच नाही.

मेलेल्या पाकटाचा काटाही लागतो. शेपटीच्या मुळाशी हात घालण्याआधी तो कापलाय का बघा. लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे 40 ते 45 अंशांत, तासभर बुडवून ठेवा आणि तुकडा आत राहिला असेल तर थेट दवाखाना गाठा. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.