आधी तिच्या दाराला कडी बसवा

(पत्र थोडक्यात)

ताई, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. थोरली मुलगी 33 वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. पायाला आधाराचा कॅलिपर लावून कुबडी घेऊन चालते, पतसंस्थेत नोकरी करते. तिच्यासाठी स्थळं कधी बघितली नाहीत, धाकटीचं उरकून घेतलं. 2019 च्या पुरानंतर घराची दारं बदलली तेव्हा सगळ्या खोल्यांना कड्या लावल्या, हिच्या तेवढी लावली नाही. आत पडली-बिडली तर पंचाईत नको. गेल्या महिन्यात रात्री दूध द्यायला गेले, तर केस मोकळे सोडून फोनवर हळू आवाजात हसत बोलत होती. ऑफिसातला मुलगा आहे, धडधाकट आहे, लग्न करू म्हणतोय. हिच्या मनात असलं काही असेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. तो हिच्यात काय बघत असेल? पगारावर डोळा असेल का? आणि हिला ते सगळं झेपेल का?
एक आई, सांगली

ताई,

तुमचा प्रश्न त्या मुलाबद्दल आहे. मी मात्र त्या कडीपाशीच अडकले. पूर ओसरला, चिखल उपसला, सुतार आला. त्यानं विचारलं असेल, ‘या दाराला कडी?’ आणि घरातलं कुणीतरी ‘नको’ म्हणालं. तेव्हा ती 26-27 वर्षांची होती, कमावती होती. तिला कुणी विचारलं होतं का? पत्रात तसं काही दिसत नाही.

त्या दिवसापासून ही बाई एक कान दाराकडे ठेवून कपडे बदलते आहे. कॅलिपर काढायला वेळ लागतो हो. आधी बूट, मग गुडघ्याचा पट्टा, मग मांडीचा. तो काढून भिंतीला टेकवून ठेवला, की कुणी दार ढकललं तरी तिला झटकन आडोशाला जाता येत नाही. आईपासून काय लपवायचं, असं तुम्ही म्हणाल. धाकटीचं लग्न व्हायच्या आधी तिच्या खोलीत तुम्ही अशाच शिरत होतात का?

‘असलं काही असेल असं वाटलंच नव्हतं.’ हे वाचून मला राग आला, आणि तो तुमच्यावरच आला. पाय बारीक झाला म्हणून मन कोरडं पडतं का? अपंग मुलगी म्हटलं की आपल्याकडे तिला ‘बिचारी’ म्हणतात, ‘देवाचं लेकरू’ म्हणतात. बाई म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मग कुणी तसं बघितलंच, तर घरच्यांना पहिला संशय त्याच्या हेतूचा येतो. तिच्यात आवडण्यासारखं काही असेल, हे शेवटपर्यंत सुचत नाही.

‘झेपेल का’ म्हणून विचारलंत, तर ऐका. पोलिओचा विषाणू मणक्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींवर घाला घालतो. स्पर्श कळवणाऱ्या नसांना तो धक्का लावत नाही. त्या बारीक पायाला मुंगी चावली तर तिला तुमच्याइतकंच कळतं. पाळी, गर्भाशय, इच्छा, सुख, सगळं जागच्या जागी असतं. तो रोग आईकडून मुलात उतरत नाही. कंबर आणि पाठ अधू असेल तर बाळंतपणात जास्त काळजी घ्यावी लागते, पण ते तिनं स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तिथे डॉक्टरांची काय वाण आहे? फक्त तुम्ही सोबत जाऊ नका. आई शेजारी बसलेली असताना कुठली मुलगी हे प्रश्न विचारेल?

आपण हे सगळं काळजीपोटी करतो, असं तुम्ही म्हणाल. हा शब्द ऐकला की मला पुणे जिल्ह्यातलं शिरूर आठवतं. 1994 साली तिथल्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची निगा राखता येत नाही, हे कारण दिलं होतं. ओरड झाली तेव्हा ते थांबलं, पण तोवर काही जणींची ऑपरेशनं होऊन गेली होती. तुमची कडी आणि ती शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. पण तिथेही काळजीच होती, आणि तिथेही ज्यांचं शरीर त्यांना विचारलं नव्हतं. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 10 आलं. मूल होण्याबद्दलची आणि कुटुंबनियोजनाची नीट माहिती दिव्यांगांना मिळाली पाहिजे, आणि त्यांच्या राजीखुशीच्या संमतीशिवाय मूल होणं कायमचं बंद करणारे उपचार करायचे नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. जे कायद्यानं मानलं ते तुमच्या घरानं मानायला काय हरकत आहे?

राहिला तो मुलगा. पगारावर डोळा आहे की नाही, हे मला सांगलीत न येता कसं कळणार? ते त्याच्याशी रोज बोलणाऱ्या तुमच्या मुलीला कळेल. पतसंस्थेत ती दिवसभर लोकांच्या पैशाचा हिशोब ठेवते, माणूस ओळखायला ती काही कच्ची नाही. तो मुलगा कसा आहे हे तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. एवढंच.

माझं म्हणणं एकच आहे. या रविवारी सुताराला बोलवा आणि तिच्या दाराला आतून कडी बसवा. पडण्याची भीती असेल तर आतून लागणारी, पण अडीनडीला बाहेरून नाणं फिरवून उघडता येणारी कुलपं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्यातलं आणा. त्यानंतर दूध घेऊन गेलात तर दार वाजवायचं आणि ती ‘ये’ म्हणेपर्यंत बाहेर थांबायचं. ‘नंतर ये’ म्हणाली तर पेला झाकून ओट्यावर ठेवायचा.

आणि कडी किती उंचीवर हवी, हे सुताराला तुम्ही सांगू नका. एका हातात कुबडी असताना दुसरा हात कुठवर पोचतो, ते तिलाच दाखवू द्या.