वाचकांचे प्रश्न : शाळेतल्या गोळीबाराची बातमी

अमेरिकेतल्या शाळेत गोळीबार झाला की सकाळच्या अंकात मृतांचा एक आकडा, दुपारी मोबाइलवर दुसरा आणि दुसऱ्या दिवशी तिसराच. एवढा घोळ का होतो? – एक वाचक, सांगली

थोडा दोष घड्याळाचा आहे. टेक्सासमधल्या युवाल्डी गावात २४ मे २०२२ रोजी बंदूकधारी प्राथमिक शाळेत शिरला, तेव्हा तिथे सकाळचे ११.३३ वाजले होते आणि आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. अशा वेळी बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती छपाईला गेलेली असते आणि शहर आवृत्तीची पानं सुटायच्या बेतात असतात. टेक्सासच्या गव्हर्नरांनी १४ मुलं आणि १ शिक्षक हा आकडा सांगितला, तेव्हा इथे मध्यरात्र उलटली होती. अखेरचा आकडा निघाला १९ मुलं आणि २ शिक्षिका.

बाकीचा घोळ मोजणीतला. शाळेत पडलेल्यांची मोजणी पोलीस करतात, रुग्णालयात दगावलेल्यांची रुग्णालय. मधल्या धावपळीत एकच मूल दोन्हीकडे मोजलं जातं, नाहीतर कुठेच मोजलं जात नाही. हल्लेखोर स्वतः मेला असेल तर एक वृत्तसंस्था त्याला धरून आकडा देते, दुसरी वगळून. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात २० एप्रिल १९९९ रोजी शेरीफनी, म्हणजे तिथल्या परगण्याच्या पोलीसप्रमुखांनी, २५ पर्यंत मृत्यू सांगितले होते. प्रत्यक्षात १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक गेले. दोघा हल्लेखोरांनी आत्महत्या केली, ते वेगळे. शिवाय त्या दिवशी गोळी लागून अपंग झालेली एक विद्यार्थिनी २०२५ मध्ये वारली, तो मृत्यूही हत्येत धरला गेला आणि १३ चे १४ झाले. २६ वर्षांनी!

उपसंपादकाने करायचं ते एवढंच : शीर्षकात ‘किमान’ लिहायचं, आकडा कोणी दिला ते पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि हल्लेखोराला मृतांच्या बेरजेत घालायचं नाही.

‘पोलिसांनी सांगितले’ असं लिहिलं की पत्रकाराची जबाबदारी संपते का? – एक विद्यार्थिनी, पत्रकारिता अभ्यासक्रम, पुणे

अजिबात नाही, आणि त्यासाठी युवाल्डीहून चांगला धडा मिळणार नाही. पहिल्या दोन दिवसांत अधिकाऱ्यांनी सांगितलं की शाळेच्या पोलिसाने हल्लेखोराला दाराबाहेर अडवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कबूल केलं की तसं कोणी अडवलंच नव्हतं. एका शिक्षिकेने मागचं दार उघडं ठेवलं होतं, असं सांगितलं गेलं. मग कळलं की तिने दार ओढून घेतलं होतं, पण त्याला कुलूपच लागलं नाही. बिचारीच्या नावावर मधले काही दिवस केवढं पाप जमा झालं असेल! ‘पोलिसांनी तत्परतेने कारवाई केली’ हे तर सगळीकडे छापून आलं. प्रत्यक्षात पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले होते आणि तिथे पोहोचलेल्या निरनिराळ्या दलांच्या जवानांची संख्या ३७६ होती.

हे बाहेर आलं ते पालकांनी पत्रकारांना सांगितलं म्हणून आणि पत्रकारांनी कागदपत्रांचा, चित्रफितींचा पिच्छा सोडला नाही म्हणून. ऑस्टिनच्या ‘अमेरिकन-स्टेट्समन’ने जुलैत शाळेच्या व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण प्रसिद्ध केलं. त्यात पोलीस ताटकळलेले दिसतात, एक जण भिंतीवरच्या यंत्रातून हाताला सॅनिटायझर लावून घेतो. मुलांच्या किंकाळ्यांचा आवाज मात्र पत्राने काढून टाकला होता. काय दाखवायचं आणि काय नाही, याचा तारतम्याचा नमुना म्हणून आम्ही त्याकडे बोट दाखवू. चित्रण असं बाहेर पडल्याने काही पालक चिडले होते, हेही खरं.

तेव्हा पोलिसांचं निवेदन छापावं, पण अवतरणात आणि वेळेसह. मग घटनाक्रमाची चौकट करताना प्रत्येक नोंदीपुढे लिहावं : हे कोणी पाहिलं, की कोणी कोणाकडून ऐकलं? ज्या नोंदीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती चौकटीतून काढावी.

मारेकऱ्याचं नाव आणि फोटो छापणं बंदच का करत नाहीत? – एक शिक्षक, नाशिक

मागणी जुनी आहे. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्याच अरोराच्या चित्रपटगृहात झालेल्या गोळीबारात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी ‘नो नोटोरिटी’ (कुप्रसिद्धी नको) ही मोहीम त्यासाठीच सुरू केली. तिला आधारही आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं की शाळेत गोळीबार झाला की पुढचे सरासरी १३ दिवस तशाच दुसऱ्या घटनेची शक्यता वाढलेली असते. पण त्यांनी मोजलं ते घटनांमधलं अंतर. बातम्यांचा परिणाम हा त्यावरून काढलेला तर्क आहे. ‘बातम्यांमुळे गोळीबार होतात हे सिद्ध झालं’ असं वाचलंत, तर तिथे हात आखडता घ्या.

दुसरी बाजू पाहा. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्या दुपारी वाहिन्यांनी नाव दिलं ते हल्लेखोराच्या भावाचं. तो त्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये कामावर होता आणि ‘मी नव्हे’ म्हणून समाजमाध्यमावर ओरडत होता. खरं नाव कोणीच छापायचं नाही असं ठरलं, तर अशी चूक दुरुस्त कशी होणार? फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मेले. हल्लेखोर मुलाबद्दल एफबीआयला महिनाभर आधी फोन आला होता आणि तो पुढे पाठवलाच गेला नव्हता. त्याचा पूर्वेतिहास खणला म्हणून यंत्रणेचं अपयश दिसलं.

आमचं मत : नाव एकदा, बातमीच्या पोटात, शीर्षकात कधीच नाही. फोटो पहिल्या दिवशी, तोही लहान. बंदूक रोखलेला, त्याने स्वतः काढून घेतलेला फोटो मात्र कधीही नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला हल्लेखोर आठवत असेल. १६ एप्रिल २००७ रोजी त्याने ३२ जणांना मारलं, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळात त्याने पोस्टात जाऊन आपल्या चित्रफिती आणि फोटो एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीकडे पाठवले. त्याला काय हवं होतं, ते पाकिटावरच्या पत्त्यानेच सांगितलं. एनबीसीने ते दाखवलं, जगभरच्या पत्रांनी पान एकवर लावलं, आणि मृतांच्या काही नातेवाइकांनी एनबीसीला ठरलेल्या मुलाखती नाकारल्या.

‘४५ दिवसांत १८ शाळांत गोळीबार’ असं पार्कलंडच्या वेळी वाचलं होतं. खरं होतं? – एक वाचक, पणजी

तो आकडा बंदूक नियंत्रणासाठी झटणाऱ्या ‘एव्हरीटाउन’ संस्थेचा. शाळेच्या आवारात गोळी सुटली की एक, अशी तिची मोजणी. त्यात मिशिगनमधला एक प्रकार होता : ३१ वर्षांच्या माणसाने शाळेच्या वाहनतळावर आत्महत्या केली, आणि ती शाळा सात महिन्यांपूर्वीच बंद पडलेली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे दाखवल्यावर संस्थेने ती नोंद काढली. सरकारी आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. २०१५-१६ या शालेय वर्षात सुमारे २४० शाळांत गोळीबार झाल्याचं अमेरिकी शिक्षण खात्याने म्हटलं. एनपीआर या अमेरिकी रेडिओने शाळा-शाळांना विचारलं, तर खात्री पटली ती ११ घटनांची. कारण बरंचसं आपल्या ओळखीचं : अर्ज भरताना चुकीच्या रकान्यात आकडा.

आपली वर्तमानपत्रं सर्रास ‘माथेफिरू’ आणि ‘अंदाधुंद’ लिहितात. बरोबर आहे का? – एक मानसोपचारतज्ज्ञ, कोल्हापूर

नाही. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी १९७४ ते २००० मधले शाळांवरचे ३७ हल्ले तपासले, तेव्हा ८१ टक्के प्रकरणांत कोणाला तरी, बहुधा मित्राला, बेत आधी ठाऊक होता. ‘माथेफिरू’ लिहिलं की तो मित्र, बेत शिजत होता ते आठवडे, ती बंदूक घरात आली कुठून, हे सगळं बातमीतून गळून पडतं. ‘हल्लेखोर’ पुरे. ‘अंदाधुंद’ साक्षीदाराने म्हटलं तरच, अवतरणात.

आपल्याकडे असं झालं तर हेच नियम का? – एक वार्ताहर, लातूर

आपल्याकडे कायदाच आडवा येतो. डिसेंबर २००७ मध्ये गुरगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला शाळासोबत्यांनी पिस्तुलाने मारलं होतं. आज तसं घडलं तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ लागेल : आरोपी अल्पवयीन असो, बळी असो की साक्षीदार, त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटवणारं काहीही छापता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बातमीत नेमकं चुकतं ते फोटोत : चेहरा धूसर केलेला असतो आणि गणवेशाच्या खिशावरचं शाळेचं बोधचिन्ह स्वच्छ दिसत असतं.