बिघाड सेन्सरचा, बिल वॉटर पंपाचे

प्रश्न : माझ्या घरच्या पेट्रोल कारचा रेडिएटर फॅन थंड इंजिनवरही चालू राहायचा, अ‍ॅव्हरेज घसरले होते आणि चेक इंजिनचा दिवा लागला होता. गॅरेजने स्कॅन करून पी०११८ कोडची प्रिंट दिली. मग थर्मोस्टॅट व वॉटर पंप बदलून ३१,४०० रुपये घेतले. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या मेकॅनिकने कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलला आणि १,८५० रुपयांत काम झाले. पहिला गॅरेजवाला बिलावर छापलेली ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ दाखवतो. काय करता येईल?

उत्तर : तुमच्या हातातला सर्वात भक्कम कागद म्हणजे त्याच गॅरेजची ती प्रिंट. पी०११८ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) प्रमाणाबाहेर जास्त व्होल्टेज मिळते आहे. सेन्सर आतून तुटलेला, वायर तुटलेली किंवा कनेक्टर सैल अथवा गंजलेला. अशा वेळी ईसीयूला इंजिन उणे ४० अंशांवर असल्याचे दिसते. ते पेट्रोल जास्त सोडते आणि खबरदारी म्हणून फॅन चालू ठेवते. पंप खराब झाला तर गाडी तापेल, कूलंट गळेल, पण हा कोड येणार नाही. कनेक्टर काढून पाहणे आणि मल्टिमीटर लावणे हे पाच-दहा मिनिटांचे काम होते.

निदान चुकले म्हणजे सेवेत त्रुटी झालीच, असे मात्र ग्राहक आयोग मानत नाही. वाजवी काळजी घेतली नाही, हे तुम्हाला दाखवावे लागते. म्हणून जुना सेन्सर अजिबात फेकू नका. दुसऱ्या मेकॅनिककडून त्याचा रेझिस्टन्स मोजून घ्या. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स साधारणपणे २० अंशांना दोन-अडीच किलोओहम आणि ८० अंशांच्या पाण्यात तीनशे ओहमच्या आसपास येतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मीटरने दोन्ही वेळा ‘ओपन’ (म्हणजे आतले सर्किट तुटलेले) दाखवले तर प्रश्नच मिटला. हे सगळे त्या मेकॅनिकच्या प्रतिज्ञापत्रात तारखेसह यावे. सेन्सर मीटरवर ठीक निघाला तर दोष कनेक्टरच्या पिनांचा असू शकतो, आणि सेन्सर बदलताना कनेक्टर साफ झाला असेल. तेही प्रतिज्ञापत्रात लिहायला सांगा. लपवले तर उलटतपासणीत तेच अंगलट येईल.

गॅरेजचा बचाव ठरलेला आहे : ‘पंपही गळत होता.’ काढलेले जुने पार्ट, त्यांचे फोटो आणि जॉब कार्डची प्रत नोटिशीत मागा. पार्ट दिले नाहीत, तर तेही आयोगापुढे मांडा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुसू नका.

छापील ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. त्यात १,८५० रुपये मागू नका, कारण तो खर्च तुम्हाला कसाही करावाच लागला असता. ३१,४०० पैकी निदान व मजुरीची रक्कम मिळण्याची शक्यता चांगली आहे. पार्टच्या किमतीबाबत मात्र आयोग काटछाट करू शकतो, कारण नवा पंप तुमच्याच गाडीत आहे. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती चालते (कलम ३४). दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे (कलम ६९). वकील लावणे बंधनकारक नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, पण तिथल्या संवादात दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

गॅरेजवाला तडजोडीला आला आणि निम्मी रक्कम देऊ लागला तर विचार करा, कारण तारखांचा खर्चही धरावा लागतो. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर मात्र रक्कम खात्यात जमा झाल्यावरच सही करा.