पेन क्लिनिकमध्ये रुजू होताना

परळ, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या पेन क्लिनिकमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाने "मला मानसिक काही नाही, माझी कंबर दुखते" असे सुनावल्याने तू खट्टू झालीस. त्याचे काही चुकले नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका बाईंना "फार मनावर घेऊ नका" असे म्हणालो होतो. त्यांनी एक्स-रेचे पाकीट उचलले आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांना ढोंगी ठरवतो आहे, एवढेच त्यांना त्या वाक्यातून ऐकू आले.

तेव्हा दुखणे खरे आहे हे आधी मान्य कर. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्याला जणू एक दार लागते आणि ते किती उघडावे यावर मेंदूचाही हुकूम चालतो, असे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडले. त्या सिद्धांतातले बारकावे पुढे बदलले. पण भीती, अपुरी झोप आणि सततची काळजी यांमुळे तेच दुखणे अधिक जाणवते, हे कायम राहिले. आणि लक्ष दुसरीकडे असले की ते कमी जाणवते; यासाठी रुग्णाला मी लोकलचे उदाहरण देतो. दादरला गर्दीत चढताना कोणाचे कोपर लागल्याचे कळतही नाही, आणि रात्री दंडावर काळानिळा डाग दिसतो. हे मुंबईकराला लगेच पटते.

आता गोळ्यांविषयी. कंबर, खुबा आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्याच्या २४० रुग्णांवरील, २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत ओपिऑइड (अफूच्या वर्गातली वेदनाशामके) घेणाऱ्यांची हालचाल व कामकाज इतर वेदनाशामके घेणाऱ्यांहून अधिक सुधारले नाही. दुखणे उलट किंचित जास्तच राहिले. त्याच वर्षी आपल्याकडे ट्रॅमाडॉल हे याच वर्गातले औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. मात्र गोळी किती आणि कधी कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील. वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांच्या बाबतीत महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश घट बरी सोसते. एकदम तोडल्यास घाम, जुलाब, बेचैनी सुरू होते आणि रुग्णाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. कॅन्सरच्या वेदनेला यातले काही लावू नकोस. तिथे मॉर्फीन नाकारणे हा अन्याय आहे.

तुझे खरे काम गोळी कमी होण्याच्या आधी सुरू होते. माझ्याकडे येणारे एक बस कंडक्टर शर्टाच्या खिशात स्ट्रिप ठेवत आणि बोलताना दर दोन मिनिटांनी ती चाचपत. बरे वाटले की ते घरातली सगळी कामे उरकत आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळत. आम्ही वही घातली. वाईट दिवशीही ते सुमारे आठ मिनिटे चालू शकत, म्हणून सात मिनिटे ठरवली: शिवाजी पार्कला सात मिनिटे चालायचे आणि दुखो वा न दुखो, कट्ट्यावर बसायचे. थांबणे घड्याळाने ठरवायचे, कळेने नव्हे. पहिले दोन आठवडे त्यांना हा पोरखेळ वाटला (मलाही थोडा वाटत होता). दीड महिन्याने ते बारा मिनिटांवर आले. चमक निघाली की "मणका सरकला, आता संपलो" हा विचार ते वहीत लिहीत आणि खाली त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले तेही. त्यानंतरच डॉक्टरांनी डोस उतरवायला घेतला. दुखणे गेले नाही, आणि ते जाईल असे वचन मी दिलेही नव्हते. ते कामावर मात्र परतले.

एक राहिले. पुढच्या वेळी त्या रुग्णाच्या पत्नीलाही बोलाव. कंडक्टरांच्या घरी दर तासाला "फार दुखतंय का?" ही चौकशी होई, आणि प्रत्येक चौकशीला त्यांचा हात कमरेवर जाई. त्यांच्या पत्नीला मी एवढेच सुचवले की संध्याकाळी एकदाच विचारा, आणि विचारायचे ते "आज कुठवर गेला होता?" असे.

तुझा,
सर