किल्ल्यांची घडी घरीच कशी बसवावी?

प्रश्न : घर, कार्यालय, टपालपेटी, कपाट अशा सहा किल्ल्या मला रोज खिशात बाळगाव्या लागतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये किल्ल्या चाकूच्या पात्यासारख्या मिटवून ठेवणारे साधन बाजारात मिळते, तसे मी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे घरी केले. परंतु त्याचे नट वारंवार सैल होतात, आणि घट्ट आवळले तर किल्ल्याच फिरत नाहीत. नव्याने करताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपली अडचण या साधनाच्या मुळाशीच आहे. एरवी नट टिकतो तो बोल्ट ताणून आवळलेला असतो म्हणून. इथे मात्र किल्ली फिरावी यासाठी आपण तो ताण मुद्दाम कमी ठेवतो, आणि किल्ली उघडता-मिटताना बोल्टच्या अंगावर घासून दर वेळी त्याला किंचित आपल्याबरोबर ओढत राहते. त्यामुळे किल्ल्यांचा ताण ठरवणे आणि बोल्ट जागेवर धरून ठेवणे ही दोन कामे एकाच नटावर सोपवू नयेत. मागच्या पट्टीला आरपार मोठे भोक न पाडता ३.३ मिमीचे भोक पाडून त्यात ४ मिमी बोल्टचे आटे पाडून घ्यावेत, किल्ल्या हव्या तितक्या अडकून फिरू लागेपर्यंत बोल्ट त्या आट्यांत फिरवावा, आणि मग त्याचे डोके पान्याने स्थिर धरून पट्टीच्या बाहेरून दुसरा नट पूर्ण ताकदीने आवळावा. या बोल्टच्या दोन आट्यांतील अंतर ०.७ मिमी असल्याने २ मिमी जाडीच्या पट्टीत जेमतेम तीन आटे बसतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने ते लवकर झिजतात. म्हणून निदान ही पट्टी तरी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. आटे पाडण्याची सोय नसेल तर आत नायलॉनचे कडे असलेला नायलॉक नट आणि त्याच्याखाली एक स्प्रिंग वायसर वापरावा. आटे चिकटवण्याचे द्रव वापरायचेच झाल्यास मध्यम ताकदीचे, म्हणजे बहुधा निळ्या रंगाचे, घ्यावे. लाल प्रकार तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि किल्ली बदलण्याची वेळ तर केव्हातरी येणारच.

आता मापांविषयी. पट्टी कापण्याआधी किल्ल्या आलेखाच्या कागदावर मांडाव्यात, कारण दोन बोल्टमधील अंतर सर्वांत लांब किल्लीवरून ठरते : तिच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतची लांबी, अधिक समोरच्या बोल्टची त्रिज्या, अधिक दोन-तीन मिमी मोकळीक. दोन्ही बाजूंनी किल्ल्या बसवल्या की एका बाजूच्या किल्लीचे टोक बहुतेक वेळा समोरच्या किल्लीच्या डोक्यावर आपटते. अशा वेळी एका बोल्टवर किल्ली असेल त्या थरात समोरच्या बोल्टवर तितक्याच जाडीचे वायसर, असे आळीपाळीने थर लावावे लागतात. यामुळे जाडी वाढते हे खरे. पण दोन्ही टोकांची जाडी तंतोतंत सारखी राहिली नाही तर पट्ट्या तिरक्या होतात आणि एका बाजूच्या किल्ल्या कायमच्या अडकतात. आपल्या सहा किल्ल्या प्रत्येकी २ मिमीच्या धरल्या तर १२ मिमी, मध्ये अर्ध्या मिमीचे सात पातळ वायसर म्हणजे साडेतीन, दोन पट्ट्यांचे ४ आणि नायलॉक नटाचे ५, अशी बेरीज साडेचोवीस मिमी होते. म्हणजे २५ मिमी लांबीचा बोल्ट पुरतो. हे पातळ वायसर वाचवण्याचा मोह टाळावा, कारण ते नसले की एक किल्ली उघडताना शेजारची न बोलावताच बाहेर येते.

किल्ल्यांची भोके एकसारखी नसतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या किंवा लांबट भोकात ४ मिमीचा बोल्ट हेलकावे खातो आणि किल्ली कितीही आवळली तरी तिरकी उभी राहते. गोल भोकासाठी, त्यात जेमतेम शिरेल अशा पितळी नळीचा किल्लीपेक्षा किंचित कमी जाडीचा तुकडा कापून बोल्टवर चढवावा. लांबट भोकाच्या किल्लीची मात्र नक्कल करून घेऊन त्या नकलेच्या डोक्यात नवे भोक पाडलेले बरे. मूळ किल्लीला ड्रिल लावू नये. कपाटाची गोल दांड्याची किल्ली या घडीत बसणार नाही. ती वेगळी ठेवावी.

पट्ट्या एकमेकींवर घट्ट बांधून एकदमच भोके पाडावीत, कडा कानशीने मोडाव्यात आणि मग पॉलिश पेपर फिरवावा. आरशासारखी चकाकी आणण्यात वेळ घालवणे मला तरी निरर्थक वाटते. खिशातल्या नाण्यांनी ती लवकरच जाते. बारीक वायसर आणि नट आपल्याला पुण्यातील बोहरी आळीत सुटे मिळतील.

प्रश्न : धातूऐवजी कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचे असे साधन करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर करता येईल. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे कातडे कडक असते, त्यामुळे ३ मिमी जाडीचा पट्टा दुमडून किल्ल्यांना आकारात धरून ठेवतो. पर्स-पिशव्यांचे क्रोम प्रक्रियेचे मऊ कातडे इथे निकामी ठरते. मात्र कातडे दाबले जाऊन बसते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत स्क्रू पुन्हा आवळावा लागेल हे गृहीत धरावे. जाड फाइली आणि अल्बम बांधायला वापरतात तो दोन तुकड्यांचा स्क्रू यासाठी उत्तम. कडा ओलसर करून लाकडाने घासाव्यात आणि त्यांवर मेण चढवावे. पावसाळ्यात ओले झालेले कातडे उन्हात न ठेवता सावलीत वाळवावे, अन्यथा ते तडकते.

प्रश्न : मोटारीची किल्लीही यातच अडकवावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अडकवू नये. २०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमधील दोषामुळे लाखो गाड्या परत मागवल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत कडीत गाडीच्या किल्लीखेरीज काहीही ठेवू नये, असे त्या कंपनीने ग्राहकांना कळवले होते. कारण जुडग्याच्या वजनाने किल्ली फिरून चालती गाडी बंद पडू शकत होती. आपल्या गाडीत तसा दोष नसला, तरी लोंबणारे वजन स्विचवर नको. एका टोकाच्या बोल्टवर छोटी कडी बसवून त्यात झटकन सुटणारा हुक लावावा आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तिची किल्ली त्यातून काढून घ्यावी.