न्यायाधीशाची जागा अजून भरू नकोस

प्रिय,

तुझी पात्रयोजनेची यादी मिळाली. संहिता दोनदा वाचली, यादी चार वेळा. संहितेबद्दल समोरासमोर बोलू. तिसरा प्रवेश लांबलाय, एवढंच आत्ता सांगतो. हे पत्र यादीबद्दल आहे.

थोरल्या बहिणीच्या, म्हणजे त्या अंध बाईच्या भूमिकेसमोर तू जिचं नाव लिहिलं आहेस ती नटी चांगलीच आहे. तिचं काम मी पाहिलंय. शेजारी कंसात तू लिहिलंस, 'घरी डोळ्यांना पट्टी बांधून सराव करतेय.' तिच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण पट्टी बांधून माणूस काय शिकतो? दिसत असलेलं अचानक दिसेनासं झालं तर पहिली दहा मिनिटं कशी जातात, ते. हात पुढे येतात, पावलं घासली जातात, मान ताठरते, छातीत धडधडतं. तुझ्या नाटकातली बाई जन्मापासून अंध आहे आणि त्याच घरात तिची चाळीस वर्षं गेली आहेत. ती दहा मिनिटं तिच्या वाट्याला कधी आलेलीच नाहीत.

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. तुझ्या आजच्या वयापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेन तेव्हा, अशीच एक भूमिका होती माझ्या नाटकात. ऑडिशनला एक अंध मुलगी आली होती. उतारा पाठ करून आली होती आणि वाचिक इतकं स्वच्छ, की आम्ही टेबलामागचे तिघेही गप्प झालो. मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, "नेपथ्यात तीन लेव्हल्स आहेत, जरा धोक्याचं आहे." तिने विचारलं, "किती किती इंचांच्या?" मला सांगता येईना. सुताराला विचारावं लागलं असतं. ती थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, "कळलं तर सांगा." मी कळवलं नाही. दोन्ही अर्थांनी.

भूमिका एका डोळस नटीने केली. उत्तम केली, परीक्षणंही छान आली. दुसऱ्या अंकात ती खोलीतून जाताना स्टुलाला अडखळायची, आणि प्रेक्षागृहातून एक हलका 'च्च' यायचा. तो 'च्च' यावा म्हणून ते स्टूल मीच तिथे ठेवलं होतं. एका प्रयोगानंतर एक गृहस्थ आत भेटायला आले, हातात पांढरी काठी. नाटक आवडलं म्हणाले, आवाजांचं कौतुक केलं. निघताना सहज विचारलं, "बाईंचं स्वतःचंच घर आहे ना ते? मग स्टूल रोज कोण हलवतं?"

पुढच्या प्रयोगापासून स्टूल काढलं. भूमिका मात्र कुणाची असायला हवी होती याचा विचार करायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

तुझा मुद्दा मला माहीत आहे, मागच्या भेटीत तू तो जोरात मांडलास. नट म्हणजे जे आपण नाही ते होणारा माणूस. राजा व्हायला राजघराण्यात जन्मावं लागत नाही, खुनी रंगवायला खून करावा लागत नाही. बालगंधर्वांची भामिनी आठव, पुरुषाने स्त्री उभी केली आणि बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. सगळं खरं. पण तो काळ नीट पाहा. ती कला अस्सल होती, आणि स्त्रियांना रंगमंचाचं दार जवळपास बंद होतं. पहिल्या गोष्टीमुळे दुसरी नाहीशी होत नाही. इंग्लंडात 1660 पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची नायिका डेस्डिमोनाही मुलगेच करायचे. त्यांतले काही थोर नट असणारच. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, करताहेत ना व्यवस्थित, मग कशाला बदल?

तुझा नियम मला मान्य आहे. तो एकाच दिशेने चालतो, ही माझी तक्रार आहे. डोळस नटाला अंधाची भूमिका मिळते, कारण 'अभिनय म्हणजे दुसरं होणं'. अंध नटाला वकिलाची, बापाची, प्रियकराची भूमिका मिळत नाही, कारण 'प्रेक्षकांना पटणार नाही'. दुसरं होण्याचा परवाना एकालाच का? हा रस्ता दुहेरी होईल तेव्हा तुझा मुद्दा घेऊन ये, मी तुझ्या बाजूने भांडेन.

आयरा ऑल्ड्रिजचं उदाहरण तुला ठाऊक असायला हवं. अमेरिकेत जन्मलेला हा कृष्णवर्णीय नट 1833 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. आजारी पडलेल्या एडमंड कीनच्या जागी. कीन गोरा होता, चेहऱ्याला रंग लावून ऑथेल्लो करायचा आणि त्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती ऑल्ड्रिजच्या वेळी. लंडनच्या वृत्तपत्रांतून त्याच्यावर तुटून पडले लोक आणि दोन प्रयोगांत सगळं आटोपलं. पुढे तो युरोपभर फिरला, मानसन्मान मिळवले, आणि ऑथेल्लोबरोबर लिअर आणि शायलॉकही केले, तेही गोरा रंग लावून. म्हणजे दुहेरी रस्ता कसा असतो ते त्याने एकट्याने चालून दाखवलं होतं. नंतर तो रस्ता पुन्हा बुजला.

आता 'शोधलं, पण मिळालं नाही' याबद्दल. हे वाक्य तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण यादीच्या मागे ते उभं आहे, मला दिसतं. 1990 साली 'मिस सायगॉन' हे लंडनचं संगीतनाटक न्यूयॉर्कला न्यायचं ठरलं तेव्हा यावरूनच मोठा वाद झाला. अर्धा आशियाई, अर्धा युरोपीय असलेल्या पात्राची भूमिका जोनाथन प्राइस हा गोरा ब्रिटिश नट करत होता, आणि लंडनच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याने डोळ्यांचा आकार बदलणारा मेकअपही केला होता. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने आधी त्याला परवानगी नाकारली. निर्मात्याने प्रयोगच रद्द करतो म्हटल्यावर संघटनेने माघार घेतली. 1991 ला नाटक लागलं, प्राइसला अमेरिकन रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कारही मिळाला. तो नट मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण आशियाई नटांचा प्रश्न साधा होता: आम्हाला मोठ्या भूमिका कधी दिल्याच नाहीत, तर मोठ्या भूमिकेचा अनुभव आमच्याकडे येणार कुठून? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. ही गाठ नटाला सुटत नाही. ती दिग्दर्शकालाच सोडावी लागते, आणि सोडताना एखादा प्रयोग कच्चा जाण्याची तयारी ठेवावी लागते.

उलट बाजूने मार्क मेडॉफ या अमेरिकन नाटककाराने केलेलं मला फार आवडतं. 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' त्याने फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर नटीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, आणि व्यावसायिक प्रयोगात कर्णबधिर पात्रं कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणाऱ्या नटांनीच करावीत, अशी अपेक्षा संहितेतच नोंदवून ठेवली. फ्रेलिकला 1980 साली त्या भूमिकेसाठी टोनी मिळाला. लेखकाने एक ओळ लिहिली आणि पुढच्या प्रत्येक दिग्दर्शकाला शोधावंच लागलं. शोधलं की माणसं सापडतात. तुझ्या नाटकाचा लेखक तर तुझा मित्र आहे, त्याला सांग अशी ओळ लिहायला.

पण एवढ्यावर थांबलास तर मी म्हणेन, अर्धंच कळलं. अंध बाईसाठी अंध नटी आणलीस, बरं झालं. बाकीच्या अकरा पात्रांचं काय? तिसऱ्या प्रवेशातला न्यायाधीश. त्याला संहितेत ना वय आहे, ना रंग, ना शरीर. 'न्यायाधीश (पुरुष)' एवढंच. तो पुरुषच का, हे तुझ्या लेखकालाही सांगता येणार नाही. हात आपोआप चालला. अशा जागाच खऱ्या महत्त्वाच्या, कारण तिथे व्हीलचेअरवरचा नट आला तर नाटक त्याच्या व्हीलचेअरबद्दल होत नाही. तो निकाल देतो आणि जातो. रॉयल शेक्सपिअर कंपनीने 2022 साली आर्थर ह्यूजला तिसरा रिचर्ड, म्हणजे शेक्सपिअरने शरीराने वाकडा रंगवलेला राजा, दिला; शारीरिक अपंगत्व असलेला नट तिथे त्या भूमिकेत प्रथमच आला. चांगलं झालं, उशिरा झालं. पण मी वाट पाहतोय ती तशा नटाला रोमिओ मिळण्याची आणि त्याची बातमी न होण्याची.

यातही एक खाच आहे. सरसकट 'कुणालाही कुठेही घ्या' हे औषध ऑगस्ट विल्सनला मंजूर नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या जगण्यावर नाटकं लिहिणाऱ्या या लेखकाने 1996 साली प्रिन्स्टनच्या भाषणात अशा रंगांध, म्हणजे नटाचा वर्ण न पाहता केलेल्या, पात्रयोजनेला सपाट विरोध केला. आम्हाला तुमच्या नाटकांत माणसं भरायला घेऊ नका, आमची नाटकं, आमच्या संस्था उभ्या राहायला पैसा द्या, असा त्याचा रोख. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. पण न्यायाधीशाच्या जागी कुणाला बसवताना त्याचं बोलणं कानात असू दे: हा माणूस मंचावर आल्याने काय बदलतं, हे न पाहता त्याला आणलंस, तर तू फक्त फोटो चांगला काढतोयस.

आणि धाकट्या भावाच्या भूमिकेबद्दल. तो समलिंगी आहे, म्हणून ऑडिशनला येणाऱ्या मुलांना 'तू आहेस का' असं विचारणार आहेस, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. विचारायचं नाही. ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याला तू टेबलाच्या पलीकडून विचारणार, आणि उत्तरावर काम देणार? जाहिरातीत लिही की अशा अनुभवातून आलेल्या कलावंतांचं स्वागत आहे, तालमीत त्या विषयावर कुणी पाचकळ विनोद करणार नाही याची हमी दे, आणि मग जो येईल त्याचं काम बघ. काही गोष्टी अंगावर दिसतात, काही दिसत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टी ज्याच्या त्याच्या.

म्हाताऱ्या आजोबांसाठी केसांना पांढरी पावडर लावलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा घेतलायस. यात माझा स्वार्थ आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

कामाचं बोलतो. निवड ऑडिशनच्या टेबलावर होते असं आपल्याला वाटतं. बरीचशी निवड त्याआधीच झालेली असते. तू जाहिरात पोस्टर म्हणून चित्रात टाकलीस. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला चित्रातली अक्षरं वाचता येतीलच असं नाही. मजकूर टाइप करूनही टाक. उतारा जागेवर हातात देऊ नकोस, चार दिवस आधी पाठव. कर्णबधिर नट येणार असेल तर दुभाषा ऑडिशनपासून हवा, आणि त्याचं मानधन पहिल्या अंदाजपत्रकात हवं, उरलेल्या पैशांतून नको. अंध नटीसाठी नेपथ्याच्या कडेने जमिनीवर दोरी घालून वर चिकटपट्टी मार, पायाला कड कळते. ती लेव्हल्सची उंची विचारेल. पाठ करून ठेव.

आणि संहितेतल्या बाईचं वागणं खरं वाटतं का, हे तू तिलाच विचारशील, विचारायलाच हवं. पण ते वेगळं काम आहे. नटीचं मानधन देऊन सल्लागार फुकट मिळवू नकोस. जाहिरातीत 'जिद्द', 'प्रेरणा' हे शब्द दिसले तर मी प्रयोगाला येणार नाही.

अली स्ट्रोकर या नटीला 2019 साली 'ओक्लाहोमा' या संगीतनाटकासाठी टोनी मिळाला. व्हीलचेअर वापरणारी ती पहिलीच विजेती. नाव पुकारलं तेव्हा ती प्रेक्षकांत, बाकीच्या नामांकितांबरोबर बसलेली नव्हती, मागे थांबली होती. खालून मंचावर जायला रॅम्प नव्हता. एवढा मोठा सोहळा, तिला नामांकन देणारेही तेच, आणि ती जिंकली तर वर कशी येणार, याचं उत्तर होतं: मागच्या बाजूने.

म्हणून यादी परत पाठवतोय. बहिणीच्या नावावर पेन्सिलने गोल केलाय, न्यायाधीशापुढचा '(पुरुष)' खोडलाय. ऑडिशनची तारीख पंधरा दिवस पुढे ढकल. तालमीच्या हॉलच्या दाराची मोकळी रुंदी मोज, 32 इंचांपेक्षा कमी असेल तर दुसरा हॉल बघ. विंगेतून मंचावर यायला किती पायऱ्या आहेत तेही मोज, आणि दोन्ही आकडे मला रविवारपर्यंत कळव.

तुझा,
तालमीला अजूनही अर्धा तास आधी येणारा